आठव्या पेवाच्या तोंडाशी

जरीनाआपा, तुमचा फोन माझ्याकडे आहे आणि मी त्याची बॅटरी अजून संपू दिलेली नाही. माझ्या टेबलावर तो पालथा पडलेला असतो आणि थोड्या थोड्या वेळाने थरथरतो. पालथा ठेवून काही उपयोग होत नाही. लाकूड थरथरलं की मला कळतं, कुणीतरी पुन्हा तेच विचारलं आहे: पुढचा भाग कधी?

त्यांना ठाऊक नाही. ‘काजळी’ या टोपणनावामागे कोण आहे हे तुम्ही कधी कुणाला कळू दिलं नाहीत, त्यामुळे कोण गेलं हेही कुणाला कळलेलं नाही. वाचकांच्या लेखी तुम्ही फक्त उशीर करत आहात. गोदा आठव्या पेवात अडकली आहे, पेवाच्या तोंडावर फरशी आणि फरशीवर माती पडली आहे, आणि लेखक गायब आहे. “सुचत नसंल तर तसं सांगा,” असं एकाने लिहिलं आहे. दुसऱ्याने लिहिलं आहे, “पळाला.” एका बाईंचं म्हणणं जास्त सभ्य आहे: “सर, वेळ घ्या, पण कृपया शेवट गुंडाळू नका.” तुम्हाला सगळे ‘सर’ म्हणत. बाईमाणूस इतकं भयानक लिहू शकत नाही असा त्यांचा समज होता आणि तो तुम्ही मोठ्या आनंदाने सांभाळलात.

फोन मला तुमच्या सुनेने, सलमाने दिला. पुरुष कब्रस्तानात गेले होते. मी आतल्या खोलीत तुमच्या नातेवाईक बायकांमध्ये बसले होते. त्यांतल्या अर्ध्याजणींना मी कोण, ते माहीत नव्हतं. एकीने हळूच विचारलंही, “दवाखान्यातली का?” सलमा स्वयंपाकघरातून आली आणि फोन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “हे वाजायचं थांबंना. अम्मी होत्या तवा वाजला की बरं वाटायचं, आता धस्स होतं. तुमी दोघी त्यात काय करत व्हता ते तुमचं तुमालाच म्हाईत. तुमीच बघा.” मग सुनेने सासूबद्दल बोलावं तसं, थोडं तक्रारीने, म्हणाली, “माझ्याशी बोलताना डोळं सुदिक वर करत नव्हत्या. सारखं त्या गोदाचं.”

तुम्हाला कुठे ठेवलं ते मी पाहिलेलं नाही. पाहायला मिळणार नव्हतंच. म्हणून माझ्यापुरतं तुमचं शेवटचं ठिकाण डायलिसिसच्या त्या हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची हेच आहे, आणि मी अजून तिथेच येऊन उभी राहते.

तुम्हाला पेव समजावून सांगणं हास्यास्पद आहे. पण हा लेख इतरही वाचतील आणि त्यांतल्या काहींनी ते पाहिलेलं नसेल. सांगलीजवळ हरिपूरच्या मातीत हळद साठवायला खोल खड्डे खणलेले असत. तोंड माणूस जेमतेम उतरेल इतकं अरुंद, आणि आत गेलं की पोट मोठं, रांजणासारखं. आत कोरडं गवत आणि चटया लावून हळद भरायची, वर फरशी, फरशीवर माती. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे, कारण आत हवाच उरत नसे. तेच कारण माणसाच्या मुळावर येई. म्हणून पेव उघडलं की आधी नुसतंच उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. आता पेवं बहुतेक बुजली. काही पुराने खाल्ली, उरलेल्यांची गरज शीतगृहांनी संपवली. मी सांगलीत हळदीचेच नमुने तपासते, पण माझ्याकडे हळद येते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिठ्ठी लावून.

आपली ओळख त्या कंदिलावरून झाली. मी सुट्टीनंतर साताऱ्याहून सांगलीला परत येत होते. उंब्रजच्या थांब्यावर एसटी उगाचच उभी राहिली होती, आणि शेजारच्या बाईंच्या फोनवर तुमची ‘आठवं पेव’ ही भयमालिका दिसली म्हणून मी माझ्याही फोनवर उघडली. कऱ्हाड मागे पडलं तरी मान वर केली नाही. हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात नवीन लग्न होऊन आलेली गोदा, ओळीने आठ पेवं, त्यातलं आठवं कुणी उघडत नाही, आणि त्याच्या तोंडाशी कान लावला की आतून कुणीतरी आपलंच नाव घेतं. गोदा एका दुपारी त्या आवाजामागे आत उतरते आणि वरून फरशी सरकते. इथवर मला एकही दोष सापडला नाही, आणि दोष न सापडणं मला सहन होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मग पुढच्या भागात गोदा कंदील घेऊन पेवात बसलेली, त्याच्या पुढच्या भागातही कंदील जळतोच आहे. मी ‘तपासनीस’ या नावाने लिहिलं: “बंद पेवात कंदील इतका वेळ जळू शकत नाही. जळत असेल तर आत प्राणवायू आहे. प्राणवायू असेल तर गोदा गुदमरणार नाही. मग भीती कशाची? लेखकाने स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडला आहे.” आणि दोन तारे दिले.

तुमचं उत्तर आलं: “तुमचं म्हणणं बरोबर आहे. कंदील विझतो. पण तो विझला तर पुढचं तुम्ही वाचणार कोणाच्या उजेडात?”

मी त्यावर तर्कशुद्ध उत्तर देणार होते. अजून दिलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही पत्ता विचारलात, मी सांगली सांगितलं, तुम्ही हॉस्पिटलचं नाव कळवलंत आणि लिहिलंत, “दुपारी या. मी कुठे पळून जाणार नाही, मला बांधून ठेवलेलं असतं.” मला वाटलं, लेखकाचा विनोद. आले तर साठीच्या पुढची एक बाई, डोक्यावर पदर, एका हाताला नळ्या लावलेल्या, नळ्यांमधून रक्त बाहेर जाऊन परत येत असलेलं, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवर टपटप चाललेलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “बस. एवढी गोदा जरा घाबरवून घेते.”

त्या हॉलमध्ये मी किती दुपारी घालवल्या, आपा. शेजारच्या यंत्राचा गजर वाजायचा, सिस्टर धावायची, आणि तुम्ही त्या गजराकडे लक्ष न देता भुताटकीबद्दल बोलत असायचात. तुम्ही सगळ्या भयकथा एका हाताने लिहिल्यात, कारण दुसरा यंत्राकडे गहाण होता. उठता यायचं नाही, कूस बदलता यायची नाही. पाणीसुद्धा मोजून. घरून आणलेल्या त्या इवल्या स्टीलच्या पेल्यातून तुम्ही एक घोट घ्यायचात आणि बाकीचं माझ्याकडे सरकवायचात, “तू पी. मी बघते.” खरोखर बघायचात. मी पाणी गिळताना तुमचा गळा हलायचा. एकदा म्हणालात, “भूतबीत काय न्हाई गं. भ्या म्हंजे तहान. पानी समोर हाय आनि प्यायचं न्हाई. मी गोदाला पेवात तहान लावली, तर लोक म्हनत्यात काय कल्पना हाय सरांची!”

शेवटांबद्दल आपण भांडलो ते असंच, हप्त्याहप्त्याने. माझं म्हणणं स्पष्ट होतं आणि अजून आहे. भयकादंबरीचा शेवट फसतो तो लेखक सुरुवातीचे नियम मोडतो म्हणून. तुमच्या जुन्या मालिकांखालचे अभिप्राय मी वाचून काढले होते आणि वाचकांच्या रागाचं वर्गीकरण करू लागले होते. एक मोठा गट स्वप्नावर चिडलेला: इतकं सगळं होऊन नायक घामाघूम उठतो आणि आई चहा घेऊन उभी असते. काहीजण भुताच्या पांढऱ्या चादरीखालून निघालेल्या तस्करांवर चिडलेले. आणि सर्वांत जास्त लोक, आपा, तुमच्यावरच चिडलेले होते, त्या कादंबरीमुळे, जिच्यात शेवटच्या भागात हिमालयातून एक सिद्धपुरुष अवतरतो आणि लिंबू कापून वाडीवरचं संकट घालवतो.

त्याखालचा आटपाडीच्या बिरूचा अभिप्राय तुम्ही मला स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवलात. बिरू म्हणजे तुमचा सर्वांत जुना आणि सर्वांत कडक वाचक. घराण्याची मेंढरं, आता थोडी डाळिंबाची बाग. बागेला पाणी सुटलं की बांधावर बसून तुमच्या कथा वाचणार, आणि अभिप्राय टाइप न करता फोनमध्ये बोलणार. त्याने म्हटलं होतं: “बाबा आदी कुटं व्हता? सात मानसं मेल्यावर आला. यष्टी चुकली व्हती का? शेवट लय बंडल.” तुम्ही इतक्या हसलात की सिस्टर ओरडली, सुई हलेल म्हणून.

“पण आपा, त्याचं बरोबर आहे,” मी म्हणाले. “सिद्धपुरुषाचा उल्लेख पहिल्या भागात असता तर—”

“तर बिरूनं म्हनलं असतं, पयल्या भागापास्नं म्हाईत व्हतं मला, ह्योच येनार.”

“मग वाचकांना हवं तरी काय?”

तेव्हा तुम्ही मिरजेच्या वाचनालयातली ती गोष्ट सांगितलीत. भाड्याने आणलेली कादंबरी, तुम्ही शाळकरी, आणि तिची शेवटची पानं फाटलेली. एका बंगल्याच्या तळघरात एक मुलगी कोंडलेली, दाराच्या पलीकडे कुणाची तरी पावलं येऊन थांबतात, आणि पुस्तक संपतं. लग्न झालं, मुलगा झाला, तरी दाराबाहेर कोण उभं आहे याचा विचार तुम्ही भाकऱ्या थापताना करायचात. मग फार वर्षांनी एका लग्नघरी पाहुणीच्या पिशवीत तीच कादंबरी, अख्खी. तुम्ही वरातीकडे पाठ करून शेवट वाचलात. दाराबाहेर इस्टेटीचा दिवाणजी होता, मुखवटा घालून.

“फाटकं पुस्तक बरं व्हतं,” तुम्ही म्हणालात. “तोवर ती पोर माझ्यासंगं व्हती. दिवाणजी पकडला आनि लिहिणारा गेला निघून. ती तळघरातनं भाईर आली का, तिला कुनी पानी दिलं का, एक ओळ न्हाई.”

मी म्हटलं, हे फारच भावनिक निदान आहे, यातून कुठलाही नियम निघत नाही.

“तुला नियम पायजे व्हय? मग घे. शेवट वाईट कवा व्हतो? लिहिणारा आधी वर चढतो आनि दोर वढून घेतो. वाचणारा राहतो खालीच.”

मी ते वाक्य तेव्हा मान्य केलं नाही. सगळ्या फसलेल्या शेवटांवर ते लागू करून पाहिलं, एखादा अपवाद सापडेल या आशेने. स्वप्न, तस्कर, लिंबू: तिन्ही ठिकाणी लेखक घाईने वर चढलेला दिसतो. अपवाद मी अजूनही शोधते आहे.

गोदाच्या शेवटाबद्दल मात्र तुम्ही हट्टी होतात आणि मी तुमच्याहून हट्टी. तिला पेवातून बाहेर काढायचंच, हे मी ठरवून टाकलं होतं. मी तुम्हाला सातव्या आणि आठव्या पेवाच्या मध्ये उंदरांनी पोखरलेलं बीळ सुचवलं, ज्यातून हवा येऊ शकेल. तुम्ही म्हणालात, उंदीर तुझ्या पगारावर हायत का? मी नदीकडची बाजू सुचवली: हरिपूरला कृष्णेने काठ खाल्लेला, पेवाची भिंत तिकडे पातळ झालेली असणार, गोदा हातातल्या कंदिलाच्या तळाने माती खणेल. तुम्ही मन लावून ऐकून घेतलंत, मग म्हणालात, “भुयार म्हंजे तुझ्या त्या तस्करांचा धाकटा भाऊ.” त्याच आठवड्यात मी तुमच्या मुलाला कॉरिडॉरमध्ये गाठून मूत्रपिंड प्रत्यारोपणाबद्दल विचारत होते, पुण्यातल्या डॉक्टरांची नावं काढून आणली होती, तुमच्या हृदयाचे अहवाल मागत होते. तो बिचारा मान हलवत राहिला. हृदय शस्त्रक्रिया झेपण्यासारखं नाही हे त्याला केव्हाच सांगितलं गेलं होतं. तुम्हाला अर्थातच सगळं कळलं. एकदा पेल्यातलं पाणी माझ्याकडे सरकवत म्हणालात, “तपासनीसबाई, एकाच टायमाला दोघींना भाईर काढायला निघालीस. दमशील.”

मी म्हणाले, “मग तुम्हीच सांगा, गोदा तिथेच मरणार का?”

“मी कुठं म्हनलं?”

“मग बाहेर येणार?”

“ते बी कुठं म्हनलं?”

“दोनच शक्यता आहेत, आपा. तिसरी नाही.”

तुम्ही डावं मनगट पुढे केलंत. सुया टोचण्यासाठी जिथे शीर आणि रोहिणी जोडलेली असते तिथे त्वचेखाली सतत एक थरथर असते. ती हाताला लागणं म्हणजे जोड चालू आहे. रोज सकाळी उठल्या उठल्या तुम्ही बोट ठेवून बघायचात. “लाव बोट,” म्हणालात. मी लावलं. मांजर गुरगुरावं तसं काहीतरी बोटाखाली चाललेलं होतं. “काय कळलं?”

“प्रवाह व्यवस्थित आहे.”

“हाय, एवढंच कळलं. उद्याचं न्हाई कळलं. रोज तेवढंच कळतं मला.”

आणि मग तुम्ही तुमच्या मालकांबद्दल सांगितलंत. ते पेवावरच्या हमालांचे मुकादम होते, हे मला माहीत होतं. पण हरिपूरला तुम्ही त्यांचा डबा घेऊन जायचात तेव्हा काय पाहिलंत, ते त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंत. कंदील जळत राहिला तरी एकट्याने उतरायचं नाही. एक माणूस खाली, एक तोंडावर बसलेला. तोंडावरच्याने दुसरं काहीच करायचं नाही. फक्त सारखं विचारायचं: हाय का? खालून उत्तर येतं: हाय. पुन्हा विचारायचं. खालच्याचा आवाज ओढल्यासारखा झाला की लगेच दोर वर. विचारायचं थांबवायचं नाही, कंटाळायचं नाही, तंबाखू मळायला मान वळवायची नाही. आणि तोंडावरच्याला उठावंच लागलं, तर आधी दुसऱ्याला तिथं बसवायचं, त्याने हाक देऊन खालून उत्तर घ्यायचं, मगच उठायचं.

“मी डबा घेऊन जायची तवा लांबनंच आवाज यायचा,” तुम्ही म्हणालात. “हाय का? हाय. हाय का? हाय. नवी नवरी मी, मला वाटायचं ही येडी मानसं एकमेकाला काय इचारत्यात?”

गोदाच्या शेवटच्या भागाच्या जेवढ्या ओळी लिहून झाल्या होत्या तेवढ्या तुम्ही त्याच दुपारी मला वाचून दाखवल्यात. कंदील विझतो. शेवटी तुम्ही तो विझवलात, माझ्यासाठी, आणि वर मिश्किलपणे पाहिलंत. काळोख. गोदाला स्वतःचा हात दिसत नाही. आपल्याला आतून हाका मारणारं जे कुणी होतं ते आता गप्प आहे. मग वर माती सरकल्याचा आवाज, आणि तोंडातून एका माणसाची हाक खाली येते: “हाय का?”

“पुढे?” मी विचारलं.

“बघू.”

“कोण आहे तो माणूस? मुकादम? नवरा? पहिल्या भागांत कुठे आलाय?”

“बघू म्हनलं ना.”

यंत्र थांबायची वेळ झाली होती. सिस्टर आली. तुम्ही फोन उशीखाली ठेवलात.

त्या दुपारी मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची राहिली. जर्मनीतल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी माझी निवड झाली आहे. पत्र आलं होतं. मी ते सांगण्यासाठीच आले होते. पण गोदा काळोखात होती, तुम्ही थकला होतात, आणि खरं सांगायचं तर तुमच्या खुर्चीशेजारच्या त्या स्टुलावरून उठण्याची भाषा करणं मला जमेना. वाटलं, पुढच्या वेळी. तुम्ही मात्र निघताना विचारलंत, “एवढं कसलं तोंड लपवतीस? परीक्षा पास झाल्यावानी दिसतीस आनि सांगत न्हाईस.” मी हसून टाळलं. “जा तिकडं,” तुम्ही म्हणालात. ‘तिकडं’ म्हणजे जिन्याकडे, की आणखी कुठे, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुढची वेळ आली नाही. घरी, जेवण झाल्यावर, तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि सलमा भांडी घासत होती. तिने आतून काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. तिला वाटलं, फोनमध्ये असतील.

आपा, मला राग आला होता, तो आता लिहिते. तुमचाच नियम. उठायचं असेल तर आधी दुसऱ्याला बसवायचं. तुम्ही कुणालाही न बसवता उठलात. तुमच्या वाचकांना पेवाच्या तळाशी ठेवलंत, मला फोन देऊन टाकलात. तोही तुम्ही नाही, सलमाने.

तेव्हापासून मी या खोलीत आहे. कामावर जाते, नमुने तपासते, परत येते; पण टेबलावरून उठत नाही असंच म्हणायला हवं. प्रवासाची तयारी पडून आहे. शेवट लिहिल्याशिवाय मला सांगली सोडता येणार नाही, ही समजूत कोणत्याही तर्काने सिद्ध होत नाही आणि कोणत्याही तर्काने जातही नाही. मी प्रयत्न केला. गोदाला वर काढणारा एक शेवट लिहिला. त्यात तोंडावरचा माणूस नवरा निघतो, दोर सोडतो, आणि वर आल्यावर गोदा आकाशाकडे पाहते. वाचला आणि बिरूचा आवाज कानात ऐकू आला. गोदाला मारणारा शेवट लिहिला, वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष, एकेका श्वासाचा हिशेब असलेला. तो मी पुसला आणि उठून खिडकी उघडली. नदीकडच्या पातळ भिंतीचाही शेवट लिहिला. ते आपलं जुनं भुयारच. प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीला पोचले की मला जाणवायचं, मी पेवाच्या काठावर हात टेकून वर चढते आहे. आणि दोर माझ्या हातात आहे.

फोन थरथरत होता. बिरूने लिहिलं होतं, “सर, नीट हायसा न्हवं?” इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा कथेबद्दल काही विचारलं नव्हतं.

ते वाचून मी तुमचा अर्धवट भाग जसाच्या तसा पाठवून दिला. एकही शब्द न घालता. आणि मला न घालणं किती अवघड जातं हे तुम्हाला सांगायला नको. कंदील विझतो, माती सरकते, “हाय का?” बस. खाली मी दोनच वाक्यं जोडली: “काजळी म्हणजे सांगलीच्या जरीनाआपा, त्या गेल्या. त्यांनी इथपर्यंत लिहिलं होतं.”

दुपार होती. मी फोन पालथा न ठेवता समोर ठेवला आणि पाहत बसले. मला वाटलं, आता चिडतील, फसवल्यासारखं वाटेल, ‘सर’ नव्हते म्हणून काही नावं ठेवतील. त्यासाठी मी उत्तरंही तयार ठेवली होती.

पहिला अभिप्राय आटपाडीहून आला.

“हाय.”

एवढाच. मला आधी वाटलं, फोनमध्ये बोलता बोलता वाक्य तुटलं असेल. मग इस्लामपूरच्या त्या सभ्य बाईंचा आला, ज्या ‘कृपया गुंडाळू नका’ म्हणत होत्या. त्यांनीही तेवढंच लिहिलं होतं: “हाय.” नेहमी ‘आपणांस विनंती’ अशी भाषा लिहिणाऱ्या बाई! मग लोणंदहून एक, जतहून एक, मग ज्यांची नावं मी कधी पाहिली नव्हती असे कितीतरी. काहींनी पुढे एकमेकांना विचारायला सुरुवात केली. “विट्यातली ताई, हाय का?” “हाय हाय. तुमी?” कुणीतरी तुमच्यासाठी दुवा लिहिली होती, कुणी नुसतेच जोडलेले हात टाकले होते. ज्याने ‘पळाला’ लिहिलं होतं त्याने आपला अभिप्राय काढून टाकलेला दिसला.

माझी समजूत अशी होती, आपा, की त्या स्टुलावर बसून मी तोंडावरचं काम करते आहे: तुम्ही खाली, मी वर, आणि सारखी विचारते आहे, अहवाल काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणाले. त्या दुपारी तो फोन हातात धरून बसले असताना मला हाक वरून येताना ऐकू आली; खाली मी होते.

मी माझ्या फोनवरून, ‘तपासनीस’ या जुन्या नावाने, उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते तुम्हाला सांगायला हवं असं नाही. तारे मात्र दिले नाहीत. कंदिलाबद्दलचं आपलं भांडण मिटलेलं नाही, आणि ते मिटल्यासारखं दाखवणं तुम्हाला आवडलं नसतं.

फोन मी उद्या सलमाकडे देऊन येणार आहे. ती म्हणाली, “आता वाजला तर मी बघते. त्यो आटपाडीवाला कोन हाय त्याला सांगते मी, माझी सासू व्हती म्हनून.” पेल्याचंही विचारणार आहे, तो इवला स्टीलचा पेला मला परदेशी न्यायचा आहे, देईल की नाही माहीत नाही.

हे सगळं लिहून होत असताना फोन पुन्हा थरथरला. बिरूच होता. बांधावर बसून त्याने शेवटचा भाग बहुधा पुन्हा वाचला असावा.

“हाय म्हनलो म्हनून शेवट चांगला झाला आसं न्हाई, आपा,” त्याने लिहिलं होतं. “लय बंडल. तुमी तिला वर काढायचं व्हतं.”